टर्बो लावलेल्या बुलेटचा निळा धूर पुन्हापुन्हा येतोय? आधी टर्बो खोलू नका

गाडी १९८६ची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. तिला स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनावरचा केपी३५ टर्बो बसवलाय, भंगारातून आणून. टर्बो म्हणजे एका शाफ्टवरचे दोन पंखे: सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसनं एक (टर्बाइन) फिरतो, दुसरा (कॉम्प्रेसर) इंजिनात दाबानं हवा भरतो. तो जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. काम घरीच, जिन्याखालच्या सात बाय नऊच्या जागेत. लेथवरचं जे काही होतं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

तक्रार एकच, निळा धूर, म्हणजे कुठूनतरी तेल जळतंय. थांबला असं वाटायचं आणि पंधरा दिवसांनी परत हजर. या धुरापायी मी टर्बोचा आतला कोअर (पंखे, शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) दोनदा बदलला, पिस्टनच्या रिंगा एकदा बदलल्या, हेड उतरवून व्हॉल्व्ह गाइड नवे घातले. पैसे गेले, धूर राहिला. शेवटी दीड वर्षानं लक्षात आलं की मी एकच दुखणं धरून बसलो होतो आणि दुखणी होती तीन. रंग तिघांचा सारखा, म्हणून एक बरं झालं की दुसरं दिसायचं आणि मला वाटायचं तेच परत आलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे फेरफार परस्पर करता येत नाहीत. माझ्या सगळ्या चाचण्या मामांच्या उसातल्या खाजगी रस्त्यावर झाल्यात. तुमच्याकडे असा रस्ता नसेल तर मुळात या भानगडीत पडू नका.

पाना नंतर, वही आधी

धूर येतो एवढं कळून उपयोग नाही, तो कधी येतो ते लिहून ठेवा. मी हे सुरुवातीला केलं असतं तर दोन कोअरचे पैसे वाचले असते. सकाळी पहिल्या किकला येतो आणि अर्ध्या मिनिटात जातो? थ्रॉटल सोडल्यावर येतो? पाच मिनिटं आयडलला उभी ठेवून मग रेस केल्यावर भसकन येतो? की चढाला, बूस्टमध्ये, वीस मिनिटं दामटल्यावर? चारही वेळचा धूर निळाच, पण तेल चार वेगवेगळ्या वाटांनी आलेलं असतं. काळा असेल तर तो तेलाचा नाही, पेट्रोल जास्त जातंय. त्यासाठी कार्बचे जेट बघा, हा लेख नको.

आता टर्बोचं सील. भंगारवाला, मेकॅनिक, शेजारचा काका, सगळे एका सुरात सांगतात, ‘सील गेलं असणार.’ टर्बोत गिअरबॉक्ससारखं रबरी सील नसतंच. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगच्या जातीची, अगदी बारीक लोखंडी रिंग असते. ती तेल अडवते ते दोन गोष्टींच्या जिवावर: पंख्यांच्या बाजूला हवेचा दाब थोडा जास्त असतो, आणि मधल्या भागातलं तेल साचायच्या आत खाली पडून जातं. यातली एक गोष्ट बिघडली की नवाकोरा टर्बोसुद्धा तेल ओकतो. माझे दोन्ही कोअर चांगले होते. त्यातला एक अजून फडताळात आहे.

आणि बुलेटवर या दोन्ही गोष्टी बिघडायला जागा भरपूर आहे. हिशोब बघा. ३४६ सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन ५००० आरपीएमला मिनिटाला २५०० वेळा श्वास घेतं, म्हणजे फार तर ८६५ लिटर हवा. १२४८ सीसीचं ते डिझेल ४००० आरपीएमला बूस्टशिवायच अडीच हजार लिटरच्या आसपास ओढतं. म्हणजे हा टर्बो माझ्या इंजिनाला तिप्पट मापाचा झाला, थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखा. तो फुलतो ३५००च्या पुढे. त्याच्या खाली कॉम्प्रेसरच्या बाजूला दाब जवळजवळ शून्य, म्हणजे तेल अडवून धरणारं कुणीच नाही. मोठा टर्बो निवडला तेव्हाच मी धुराला आमंत्रण दिलं होतं. सिंगल सिलिंडर असल्यानं हवा धक्क्याधक्क्यानं ओढली जाते, म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये दोन लिटरचा हवेचा डबाही लावावा लागला, ते वेगळंच.

पहिला धूर: थ्रॉटल सोडल्यावर

सुरुवातीला मी कार्ब (कार्ब्युरेटर) टर्बोच्या आधी लावला होता. मिककार्बचा मूळचा व्हीएम२४, त्यातून पेट्रोल-हवेचं मिश्रण टर्बोत, तिथून इंजिनात. जोडायला सोपं, पेट्रोल नुसतं टाकीतून उतरतं, पंप नको. पण थ्रॉटल मिटला की टर्बो अजून फिरत असतो आणि समोर दार बंद. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात तयार होतो आणि तो तेल खेचून घेतो. कार्ब आधी असलेल्या जुन्या जोडण्यांमध्ये कॉम्प्रेसरच्या बाजूला खास कार्बनचं सील घालत, ते याचसाठी. डिझेलवरच्या टर्बोला ते नसतं, कारण त्याच्यासमोर असं कडेकोट मिटणारं दार कधी येतच नाही.

ओळखायचं कसं? कॉम्प्रेसरनंतरचा पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. माझं फडकं तेलानं चिंब निघालं. टर्बाइनच्या बाजूचं तोंड मात्र कोरडं, राखाडी.

उपाय म्हणजे कार्ब टर्बोच्या पुढे नेणं, इंजिनाला लागून. यामाहानं १९८२च्या एक्सजे६५० टर्बोमध्ये हेच केलं होतं. होंडानं त्याच वर्षीच्या सीएक्स५०० टर्बोला इंजेक्शन दिलं, यामाहा कार्बवरच राहिली आणि दाबाची हवा कार्बमधून फुंकली. घरी करताना मात्र चार कामं वाढतात. फ्लोट बाऊलच्या (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीच्या) श्वासाच्या नळ्या त्या दोन लिटरच्या डब्याला जोडाव्या लागतात, नाहीतर बूस्ट येताच बाऊलमधलं पेट्रोल वर चढायचं बंद होतं. पेट्रोलला पंप आणि बूस्टप्रमाणे वाढणारा रेग्युलेटर लागतो. मी बूस्टपेक्षा ०.२ बार जास्त ठेवलाय, त्यावर गेलं की फ्लोटची सुई उचलली जाते. कार्बच्या झाकणात जिथून केबल आत जाते तिथून आणि चोकच्या दांड्यापाशी हवा फुसफुसते. तिथं ओ-रिंग बसवून घेतल्या. आणि चौथं काम, हाताशी आग विझवायचा सिलिंडर. तापलेल्या टर्बोशेजारी दाबाखालचं पेट्रोल आहे, यात गंमत नाही.

हे केलं आणि थ्रॉटल सोडल्यावरचा धूर गेला. मी पेढे वाटले.

दुसरा धूर: आयडलला उभी ठेवल्यावर

पेढे संपायच्या आत धूर परत आला. मी कोअर बदलला. धूर तसाच. आणखी एक कोअर आणला. तो बसवायला घेऊन उद्यमनगरात गेलो, तर ज्यांच्या लेथवर माझे सगळे फ्लँज झालेत त्या अण्णांनी तो हातात घेतला, शाफ्ट बोटानं हलवून बघितला आणि परत पिशवीत टाकला.

‘भावा, ह्याला काय धाड भरलीया? तेलाला जायाला वाटच न्हाई, तर ते जाणार कुठं? सायलेन्सरातच की.’

मी तरी बसवलाच, माझाच हट्ट. त्याचाही धूर निघाला तेव्हा अण्णांची आठवण झाली.

टर्बोत तेल येतं ते बारीक भोकातून, दाबानं. आत शाफ्ट मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेतो. बाहेर पडताना तेलाला दाब नसतो, ते नुसतं आपल्या वजनानं खाली पडायचं असतं. शिवाय ते तेल राहत नाही, रवीनं घुसळलेल्या ताकासारखा फेस होतो. फेसाला जागा जास्त लागते आणि तो हळू वाहतो. माझी परतीची नळी होती आतून ८ मिमीची तांब्याची. ती फ्रेमच्या नळीला वळसा घालून उजव्या बाजूच्या टॅपेट कव्हरला जोडली होती. दिसायला फार सुंदर. एका जागी ती आधी खाली जाऊन परत किंचित वर यायची, म्हणजे कायमची एक खोलगट पन्हळ.

परीक्षा अगदी सोपी आहे आणि प्रत्येकानं कोअरवर पैसे घालायच्या आधी करावी. परतीची नळी इंजिनापासून सोडवा आणि टर्बोच्या खालून थेट एखाद्या भांड्यात सोडा. मी आधी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली बांधली. गरम तेलानं ती तीन मिनिटांत आकसून सुकल्या गाजरासारखी झाली. मग स्टीलचा डबा लावला. गाडी दहा मिनिटं आयडलला ठेवली, आधी साचलेलं तेल जळून गेलं आणि मग रेस केली. धूर नाही. नळी परत इंजिनाला जोडली, पाच मिनिटांत धूर. यापुढे कुणी सील म्हटलं तरी ऐकायचं नाही. ही परीक्षा लांबवू नका, बुलेटच्या तेलाच्या कप्प्यातलं तेल बाहेर जातंय. एकूण तेलच साधारण सव्वादोन लिटर असतं.

नळी काढली तेव्हा टर्बोच्या खालच्या फ्लँजशी अजून एक गोष्ट सापडली. पॅकिंगच्या जोडीला मी सिलिकॉनचा थर दिला होता, ‘गळायला नको’ म्हणून. तो आवळताना आत पिळला गेला होता आणि भोकाच्या कडेला राखाडी लोळीसारखा लोंबत होता. तिसरा हिस्सा भोक त्यानंच झाकलेलं. नखानं ओढला तर अख्खा निघून आला. तिथं आता नुसतं कागदी पॅकिंग आहे आणि एक थेंब गळत नाही.

नवी नळी आतून १६ मिमीची, लोखंडी, उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त कुठंच न कलणारी. जोडाला तेल सोसणारा नायट्राइल रबराचा होज. कूलंटसाठी मिळणारा तो निळा सिलिकॉन होज इथं लावू नका, तेलानं तो घामेजतो आणि फुगतो. आणि येणाऱ्या तेलाच्या वाटेवर १ मिमी भोकाची चकती, म्हणजे मुळात आत कमी येईल.

आयडलचा धूर गेला. यावेळी पेढे आणले नाहीत.

तिसरा धूर: दामटल्यावर

हा सगळ्यात चिवट निघाला. आयडलला स्वच्छ, थ्रॉटल सोडला तरी स्वच्छ, पण बूस्टमध्ये चढ चढला की मागे निळी शेपूट. मी रिंगा बदलल्या त्या याच वेळी.

सिंगल सिलिंडरची एक खोड आहे. पिस्टन खाली येताना खालच्या केसमधली (क्रँककेसमधली) हवा दाबतो, वर जाताना ओढतो. जोडीदार सिलिंडर नसल्यानं ही हवा इकडून तिकडे सरकत नाही, सगळा धक्का केसलाच बसतो. बुलेटला म्हणूनच ब्रीदरच्या (केसच्या श्वासाच्या नळीच्या) टोकाला रबरी चोच असते, हवा बाहेर सोडायची पण आत घ्यायची नाही. बूस्ट आला की रिंगांच्या बाजूनं निसटणारा गॅस वाढतो आणि चाळीस वर्षांची ती व्यवस्था त्याला पुरत नाही. केसमधला दाब वाढला की तिथं जोडलेल्या टर्बोच्या नळीतलं तेल खाली यायचं थांबतं.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही, मोजलंय. टॅपेट कव्हरला आटे पाडून निपल बसवला. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, नळी यू आकारात वाकवून पट्टीला चिकटवली, आत कुंकू घातलेलं पाणी. सलाईनच्या नळीला ती चाकाची चिमटी असते ना, ती इथं सोन्यासारखी उपयोगी पडते. थोडी आवळली की पाण्याचं थरथरणं थांबतं आणि सरासरी वाचता येते. पट्टी पेट्रोलच्या टाकीवर टेपनं बांधली आणि आतेभावाला मागे बसवलं. मी चढाला थ्रॉटल ओढतोय आणि तो माझ्या खांद्यावरून वाकून कानात ओरडतोय, ‘बारा! अठरा! बावीस, दादा, बावीस!’

बावीस सेंटिमीटर पाणी. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्या दाबाविरुद्ध उतरायला तेलाचा उभा स्तंभ साधारण २६ सेंटिमीटरचा हवा. माझ्या टर्बोच्या तळापासून टॅपेट कव्हरपर्यंत उतार होता ११. फेसाचा हिशोब धरला तर अजून वाईट. म्हणजे बूस्ट चालू असेपर्यंत टर्बोचं पोट तेलानं भरलेलंच, नळी कितीही जाड करा.

ब्रीदरसाठी आधी कारच्या ब्रेक बूस्टरचा वनवे व्हॉल्व्ह लावून बघितला, स्वस्त पडतो म्हणून. ४००० आरपीएमला सेकंदाला ६७ धक्के येतात, त्याची स्प्रिंग तेवढी चपळ नाही. मग यामाहा आरएक्स१००चा जुना रीड व्हॉल्व्ह (पातळ पाकळ्यांचा एकतर्फी व्हॉल्व्ह) एका अॅल्युमिनियमच्या डबीत उलटा बसवला, बाहेर उघडणारा, आणि नळी जाड केली. त्या पातळ पाकळ्या या धक्क्यांना बरोबर साथ देतात. त्याच चढावर, त्याच बूस्टला पाणी उलट बाजूला ६ सेंटिमीटर गेलं. म्हणजे केसमध्ये आता किंचित ओढ. डोक्यावरच्या आणि टायमिंग कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारं तेलही याबरोबर बंद झालं, ते फुकटात.

पण वीस मिनिटं दामटली की धूर अजूनही यायचाच, फिका. इथं मी जवळजवळ हात टेकले होते. गाडी गरम असतानाच केसच्या तळाचा बोल्ट काढला आणि खाली मापाचं भांडं धरलं. ४०० मिली तेल. एरवी तिथून शंभर-सव्वाशे निघतं.

बुलेटच्या तेलाची व्यवस्था अशी की एक पंप तेलाच्या कप्प्यातून तेल इंजिनाला देतो, दुसरा केसच्या तळाला पडलेलं तेल परत कप्प्यात टाकतो. दोन्ही लहान, दोन्ही एकाच शाफ्टवरून हळू चालणारे. परतीचा पंप इंजिनाच्या स्वतःच्या तेलापुरता मापून दिलेला आहे. त्यात मी टर्बोचं तेल वरून ओतत होतो. पंपाचं काही चुकत नव्हतं, त्याच्या ताटात मी जास्तीचं वाढलं होतं. तेल तळाला साठायचं, फ्लायव्हीलं ते उडवायची आणि रिंगा कितीही नव्या असोत, एवढं तेल कुठली रिंग खरवडणार? कावासाकीनं १९८४च्या जीपीझेड७५० टर्बोमध्ये टर्बोचं तेल परत खेचायला एक जास्तीचा पंप दिला होता. हे मला आधीपासून माहीत होतं. चार सिलिंडरच्या मोठ्या गाडीची गोष्ट म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटी काय केलं

टर्बोचं तेल आणि इंजिनाचं तेल यांची सोयरीक तोडून टाकली. १०० मिमी व्यासाच्या लोखंडी पाइपचा २० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्हीकडून झाकणं वेल्ड केली, झाली दीड लिटरची टाकी. आत सव्वा लिटर तेल. ती पुढच्या डाऊनट्यूबला, टर्बोच्या बरोबर खाली बसवली, म्हणजे तेल सरळ उभं टाकीत पडतं. टाकी वरून मोकळ्या हवेला उघडी, एका छोट्या फिल्टरमधून. तिथून बारा व्होल्टचा एक गिअर पंप तेल उचलतो आणि कारच्या छोट्या ऑइल फिल्टरमधून टर्बोला देतो. गरम असताना २ बार दाब मिळतो. टाकी खाली आणि टर्बो वर, त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली तरी टर्बोत तेल उतरत नाही. इंजिन बंद केल्यावर पंप दोन मिनिटं चालू ठेवता येतो, तापलेल्या शाफ्टवर तेल करपत नाही, हा जास्तीचा फायदा.

यात एक धोका नव्यानं येतो तो विसरू नका: पंप बंद पडला तर टर्बो काही सेकंदांचा सोबती. साध्या कारचा ऑइल प्रेशर स्विच लावून लाल दिवा हँडलवर, डोळ्यांसमोर घेतलाय आणि रिलेमार्फत इग्निशनही तोडलंय. एकदा फ्यूज उडाला तेव्हा गाडी उसाच्या मधोमध गपकन बंद पडली. शिव्या दिल्या, पण टर्बो वाचला. माझी गाडी आधीच ६ व्होल्टवरून १२वर आणलेली होती. नसेल तर ते काम आधी करावं लागेल, आणि पंप चालू असताना हेडलाइटसाठी फार वीज उरत नाही, हेही धरून चाला.

बूस्ट मी ०.४ बारवर बांधलाय. टर्बोबरोबर येणारा वेस्टगेटचा (जास्तीचा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) अॅक्च्युएटर डिझेलच्या हिशोबाचा असतो, तो उघडायची वाट बघाल तर त्याआधी हेडचं पॅकिंग जाईल. स्प्रिंग नरम घालून घ्या. टायमिंग मागे घेणं, थंड प्लग, क्लच घसरणं, हे सगळंही आहे, पण त्यातलं कशानंच निळा धूर येत नाही, म्हणून इथं सोडून देतो.

आठ महिने झाले. दर दोन-तीन फेऱ्यांनी मी कॉम्प्रेसरनंतरचा पाइप काढून तेच पांढरं फडकं फिरवतो आणि केसचा बोल्ट उघडून तेल मोजतो. फडकं कोरडं, तेल सव्वाशेच्या आत.

सकाळी पहिल्या किकला मात्र अजूनही एक निळा भपका येतो आणि अर्ध्या मिनिटात विरतो. रात्रभरात कप्प्यातलं थोडं तेल केसमध्ये उतरतं, जुन्या बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. टर्बो नव्हता तेव्हाही यायचा. त्याच्यामागे मी लागलेलो नाही.